सिस्टर फिलोमिनांची फुंकर

मालाडच्या आमच्या घरात एक नियम आहे: दान आलं की त्याच दिवशी सगळ्यांना सारखं वाटायचं. घर चर्चच्या चार सिस्टरांचं. राहायला नऊ जण, कुणी फुटपाथवरून आलेले, कुणी दारू सोडायला. मी रविवारी मदतीला जाते.

त्या रविवारी इथे राहणाऱ्या जयवंतकाकांची लेक गंधाली घाटकोपरहून आली, श्वास तपासायचं मशीन घेऊन. काकांनी दोनशे दिवस दारूला हात लावला नव्हता. मशीनवर शून्य आलं की ती त्यांना आजच घरी नेणार होती. काकांची पिशवी पहाटेपासून दारात.

काकांनी फुंकलं. मशीन किंचाळलं.

“बाबा!” गंधालीचा चेहरा उतरला.

“शपथ गं, चहाशिवाय काही नाही!” काका म्हणाले.

“बिघडलंय ते,” म्हणत सिस्टर फिलोमिनांनी फुंकलं. वय शहात्तर. आकडा काकांच्या दुप्पट.

“सिस्टर, तुम्ही पण?” माणिकमावशी म्हणाली.

“चर्चमधल्या मिस्सेत वाइनसुद्धा घेतली नाही मी!”

मग रांगच लागली. मावशी, काशीराम, स्वयंपाकघरातल्या दोन्ही सिस्टर, सगळे टुल्ल! मी फुंकलं. शून्य.

“मी आत्ता आले,” मी म्हटलं. “तुम्ही सगळ्यांनी काहीतरी एकच घेतलंय. काय?”

“मानसी, दान आलं ना सकाळी,” सिस्टर फिलोमिना म्हणाल्या. “ चूळ भरायचं हिरवं औषध, खोकाभर. पाहुणी येणार म्हणून आत्ताच सगळ्यांना वाटलं. मी तर दोनदा भरली!”

मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. अल्कोहोल, एकवीस टक्के.

“हे तोंडातलं आहे, रक्तातलं नाही. पाण्याने चुळा भरा आणि वीस मिनिटं थांबा.”

“दारू सोडायच्या घरात दारू वाटली मी!” सिस्टर हसत हसत जमिनीवरच बसल्या. काशीराम मुद्दाम झोकांड्या खात फिरायला लागला. फक्त काका घड्याळाकडे बघत होते. पंधराव्या मिनिटाला ते उठले, मी त्यांना पुन्हा बसवलं.

विसाव्या मिनिटाला फुंकलं. शून्य.

गंधाली रडत होती की हसत होती, कळेना. तिने पिशवी खांद्यावर घेतली. “मशीन इथेच ठेवा. मला नको आता.”

सिस्टर एकदम गंभीर झाल्या. “म्हणजे दान आलं. आता हे तेरा जणांत कसं वाटायचं गं?”

काकांनी पायात घातलेली चप्पल परत काढली.

“माझा वाटा आत्ताच घेऊन जातो,” ते म्हणाले आणि गाल फुगवून आणखी एकदा फुंकलं.