काकांच्या किल्लीची शेवटची सही

मी एक जुनी किल्ली आहे. लोखंडाची नव्हे, आकड्यांची. मित्रांनो, नवजात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी तुम्ही दवाखान्यात पाहिली असेल. त्या पेटीच्या सॉफ्टवेअरवर मी सही करत असे. सही पाहिली की कळे, हे आमच्याच कारखान्यातून आलं आहे.

मला काकांनी घडवलं. ते कारखान्यातले पहिले प्रोग्रामर. माझ्यात आकडे शेकड्यांनी, पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यातले शेवटचे सोळा हीच माझी ओळख ठरली. सगळे म्हणत, काय सुटसुटीत काम आहे! मला तेव्हाही काही वाटलं नाही. वीस वर्षं मी सह्या केल्या. पेटी दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आपल्या लॅपटॉपवर त्या तपासत. मग काका निवृत्त झाले आणि मी कपाटात गेले.

यंदा त्यांच्या जागी आलेल्या ताईंनी ठरवलं, सही आता पेटीनेच तपासायची, आणि तसा नवा प्रोग्राम लिहिला. पण तो पेट्यांत घालणाऱ्या तंत्रज्ञांचे लॅपटॉप फक्त मला ओळखत. त्यामुळे या नव्या प्रोग्रामवरही माझीच सही हवी होती, आणि मला उघडणारा पासवर्ड काकांनाच ठाऊक होता.

काका आले. प्रोग्राम वाचून म्हणाले, "यात माझी किल्ली चालणार नाही?"

"नाही, काका. शेवटचे सोळा आकडे बघायची जुनी पद्धत काढून टाकलीये."

"चार ओळी जास्त लिहायला हात दुखतात का गं? त्या घाल, मग सही देतो."

"घालते. तोवर तुम्ही चहा घेऊन या."

काका परतले तेव्हा पडद्यावर दोन किल्ल्या होत्या, एक मी आणि एक ताईंनी तेवढ्यात बनवलेली. दोन्हींचे शेवटचे सोळा आकडे तेच.

"यातली तुमची कोणती?"

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

टेबलावरच्या पेटीत त्या चार ओळींसह नवा प्रोग्राम होता. ताईंनी त्या तोतया किल्लीने सही केलेलं, ऊब वाढवणारं सॉफ्टवेअर तिच्यात घातलं. पेटीने शेवटचे सोळा आकडे पाहिले आणि ते निमूट घेतलं. ऊब छत्तीसवरून चढत चाळीसवर गेली. पेटीत चाचणीची पाण्याची बाटली होती.

"बंद कर ते," काका म्हणाले. "आणि त्या ओळी काढ."

ताईंनी ओळी काढल्या आणि पाठ फिरवली. काकांनी पासवर्ड टाकला. मला कधीच न ओळखणाऱ्या प्रोग्रामवर मी सही केली. ती इतर सह्यांसारखीच झाली.

"पुसून टाक आता हिला."

"नको, काका. तुमच्या जुन्या सह्या पडताळायला लागेल कधीतरी."

आता मी एका पाकिटात असते. त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलं आहे : फक्त जुनं वाचायला.

मित्रांनो, मला जपा किंवा पुसा, माझं काही म्हणणं नाही. पण कधी मी दाराशी आले आणि ते सोळा आकडे सांगू लागले, तर दार उघडू नका. ती मीच असेन, हे मलाही सांगता येणार नाही. आणि आत दर वेळी बाटलीच असते असं नाही.