तिसऱ्या भोकातली रेघ

रेघ लाल होती, पापणीच्या केसाएवढी. भोकाच्या कडेला, पांढऱ्या भुकटीतून हळूच वर आलेली; धातूला कुठं चीर असली की आत मुरलेला लाल रंग असाच भुकटीवर उमटतो. तिनं भिंग जवळ नेलं, मग लांब... रेघ तिथंच. डाव्या पंखाच्या मुळाशी, बोल्टच्या तिसऱ्या भोकात. तीस वर्षं उडालेलं हे लढाऊ विमान अजून पंधरा वर्षं उडावं म्हणून हँगरमध्ये सोलून उभं केलेलं — नवं रडार, नव्या तारा, सगळं येऊन पडलेलं — आणि धातू तपासणाऱ्या तिच्या सहीवाचून त्यातलं काहीच बसणार नव्हतं.

"तडा की ओरखडा?" साहेबांनी विचारलं. "तडा खोल निघाला तर हे भंगारात. मागं अशीच अजून आठ विमानं उभी आहेत, बाई."

"सांगते," ती म्हणाली; पण सांगता येईना.

जेवणाचा डबा न उघडताच तिनं बाहेर येऊन बाबांना फोन लावला. हे विमान जोडणाऱ्या टोळीत ते होते, एवढंच कारण? लहानपणी वहीत एक खाडाखोड दिसली की ते अख्खं पान फाडायला लावत. 'माझं चुकलं' हे त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं — आणि म्हणूनच आपण दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी धरली की काय, असं अधूनमधून मनात येई, आणि तिचं तिलाच हसू फुटे.

"डावा पंख, तिसरं भोक," ती म्हणाली.

पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला.

"वरच्या अंगाला ना? ड्रिल घसरली होती माझी. तुझ्या आईला त्या दिवशी दवाखान्यात... असो. घासून घेतलं आणि गप्प बसलो. पुढं विमान डोक्यावरून गेलं की मी खाली बघायचो, पोरी."

"जेवलात का?" तिनं विचारलं.

पण बाबांच्या शब्दावर सही होत नाही. जुन्या ओरखड्यातूनही तडा फुटतो. तिनं फिटरकाकांना सांगितलं, "भोक केसभर मोठं करा. वरवरचं असेल तर किसाबरोबर निघून जाईल. मग परत बघू."

"कुणाचा केस? माझे चारच उरलेत."

चकचकीत कीस गळला. धुणं, लाल रंग, वाट बघणं... आकाशात आवाज झाला की बाबा चपलेचा अंगठा नीट करू लागत. तिला वाटे, त्यांना विमानांचं कौतुकच नाही. एवढी वर्षं — एकटेच...

भुकटी पांढरी राहिली, रेघ उमटली नाही. साहेबांनी पेन पुढं केलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

"परत?"

"परत."

रंग मुरायला वीस मिनिटं होती. आई दवाखान्यात होती तेव्हा आपण पाच-सहा वर्षांच्या असू. घरात त्यावर कुणी कधी बोललंच नाही. संध्याकाळी बाबांना विचारायचं. ते चिडतील कदाचित, विषय बदलतील... पण विचारता येईल, असं आज पहिल्यांदाच वाटत होतं, आणि त्या वाटण्यानं तिला कडकडून भूक लागली.