रेकॉर्डले नसलेली अळी

देवरावनं कुंपणातला कलंडलेला धांडा ओढला, तो मधोमध मोडला, आणि आतून एक अळी त्याच्या मनगटावर पडली.

देवराव असा बोंबलला की रुखमा चुलीपुढून फुंकणी घेऊनच धावली.

"काय जी, साप होय का?"

"अळी व! आंगावर पडली!"

"मग? चावली का तुमाले?"

जेठाचं ऊन. सात महिने वाळून हाडासारख्या कडक झालेल्या मक्याच्या त्या धांड्यात माणसाच्या थुंकीइतकाही ओलावा नव्हता. आणि ही बया मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी गुबगुबीत. मातीत पडल्या पडल्या तिनं कूस बदलली. देवराव दोन पावलं मागं सरला. अस्वल आडवं आलं असतं तर तो हलला नसता, पण मऊ, वळवळणाऱ्या जिनसांपुढं त्याची मर्दुमकी पातळ होई. तसं कबूल करण्याऐवजी तो पंचशील पुढं करी.

"मारू नोको वो. हिंसा होते."

"अन् रोज सांजच्या मच्छर चेंदता, तवा शील सुट्टीवर जाते का?"

कोसमटोल्यात देवरावचं कुंपण नावाजलेलं होतं. मक्का काढला की तो धांडे टाकत नसे. उभे रोवून, बांबूच्या कमच्यांनी आवळून असं विणायचा की कोंबडीचं पिल्लू शिरत नसे. उरलेले धांडे गाव घेऊन जाई. शेजारच्या बापूरावनं तर दोन बैलबंड्या नेल्या होत्या. देवराव मोबदल्यात काही मागत नसे. लोकांनी 'कुंपणवाला देवराव' म्हणावं, एवढंच.

आणि कुंपण लागायचंच. धान येणार दिवाळीला. भादव्यात धान्याची ढोली तळ दाखवते, तेव्हा घराचं पोट वाडीतला मक्का धकवतो. भाजून, उकडून, भरडून. त्या पाव एकरात दोन महिन्यांचं जेवण उभं असतं.

मागच्या साली ते उभं राहिलंच नाही. आधी पानांच्या खालच्या बाजूला मासोळीच्या खवल्यांसारखी अंडी दिसली. मग पोंग्यातून, शेंड्याच्या कोवळ्या सुरळीतून, उलगडणाऱ्या पानांवर शिलाई मशीन फिरवल्यासारखी भोकांची रांग. मग पोंगा वाळला. धरून ओढला की अलगद हातात येई, आणि बुडाला सडका, आंबूस चिखल. खोड चिरलं तर करवतीच्या भुश्शासारखी विष्ठा आणि त्यात मालकासारखी पसरलेली अळी. जे भुट्टे वाचले त्यांच्या दाण्यांमध्येही तिनं घाण करून ठेवलेली. रुखमानं निवडून, धुऊन शिजवलं. देवरावनं डोळे मिटून गिळलं. पुढं बांबूचे कोंब, वास्ते, उकडून दिवस काढले.

ग्रामसेवक गुणवंतराव सायकलवरून आले होते तेव्हा. देवरावनं अळी दाखवली. त्यांनी ती लांबूनच पाहिली.

"देवराव, आपल्या रेकॉर्डले या गावात मक्का हे पीकच नाई. धान आहे, तूर आहे, लाखोरी आहे. पीकच नाई, तर त्याच्यावर कीड कुठून येईन?"

"पण साहेब, हे वळवळून राह्यली ना जी."

"वळवळू दे. रेकॉर्डले नाई."

तरी उदार मनानं त्यांनी पांढरी पावडर पानांवर उडवली. खोडातली अळी बाहेर धुकं पडलं असं समजून आत निजली. जाताना गुणवंतरावांनी चांगले पाहून बारा भुट्टे 'नमुना' म्हणून नेले.

आता रुखमानं फुंकणीच्या टोकानं अळी उलटी केली. तांबूस डोकं, पाठीवर ठिपक्यांच्या रांगा.

"हे तेच होय जी. मागच्या सालचंच."

तिनं दुसरा धांडा मोडला. रिकामा. तिसऱ्यात एक. चौथ्यात दोघी, शेजारणींसारख्या.

"पाणी पडलं का ह्या उठतीन," रुखमा म्हणाली. "वाळल्या गवताच्या रंगाचं ते पाखरू नाई का कुंपणावर बसून राहे? तेच होतीन. अन् समोर आपला कवळा मक्का. जेवाले किती दूर जा लागन पाहुणीले?"

"चार पावलं." देवराव मटकन बसला. "कुंपणच शेत खाते म्हणतात, त्याले मी म्हण समजत होतो व."

त्यानं कुंपण पेटवलं. एवढ्या वर्षांचं नाव घटकाभरात राख झालं.

बापूराव धावत आला. "अबे देवराव, येडा झाला का? जाळतं कायले? मले दे!"

"तूबी जाळ भाऊ. अळी आहे धांड्यात."

"वाळल्या लाकडात अळी काय खाते, तुयं डोक्सं? दिलं तवा मोठा दानशूर, आता दुसऱ्याचं पाहवत नाई होय?"

संध्याकाळी देवरावनं समाजमंदिराच्या ओट्यावर गावाला समजावलं. पाखराला हद्द कळत नाही, एकानं जाळून भागत नाही, पाणी पडायच्या आत सगळ्यांनीच जाळलं पाहिजे. लोकांनी तंबाखू मळत माना डोलावल्या. "बराबर आहे," म्हणाले, आणि घरी जाऊन धांड्यांना टेकून बसले.

"पटलं त्याईले," देवराव म्हणाला.

"पटून काय होते जी," रुखमा म्हणाली. "मळमळलं पायजे."

सकाळी ती विहिरीवर गेली ती बापूरावच्याच कुंपणातले चार धांडे काखेत मारून. बापूरावची बायको कमला पाण्यानं भरलेली पितळी गुंडी उचलायला वाकली होती.

"कमलाबाई, तुमच्या लेकराची बाज कुंपणाले लागूनच राह्यते ना?"

"हो. काऊन वो?"

"काई नाई." रुखमानं गुंडीवर धांडा धरला आणि कडकन मोडला. काही नाही. दुसरा मोडला. टपकन आवाज झाला. स्वच्छ पाण्यात पांढरी, लठ्ठ अळी आळोखेपिळोखे देत पोहायला लागली. कमलानं पाहिलं. तिच्यामागच्या दोघींनी पाहिलं. मग विहिरीच्या पाळीवर तिघींनी मिळून जे केलं, ते सांगण्यासारखं नाही. कावळे मात्र खूश झाले.

दुपारपर्यंत कोसमटोल्याच्या सगळ्या वाड्यांतून धूर निघत होता. बापूराव स्वतः धांडे उपसत होता आणि कमला दारात उभी राहून मोजत होती, एकही राहू नये म्हणून. ओट्यावरच्या दोन तासांनी झालं नाही ते एका ओकारीनं झालं.

कुंपणं आली ती बोरीच्या काट्यांची, वाकडीतिकडी. देवरावचे हात सोलून निघाले. श्रावणात तो रोज पानं उलटून पाही. कुठंतरी अंड्यांच्या खवल्यांचा ठिपका सापडेच, बाहेरगावच्या पाखरानं घातलेला. अंगावर काटा यायचा, पण तो ते पान खुडून चुलीत घालायचा. शील त्यानं रुखमाला विचारून बाजूला ठेवलं होतं.

भादव्यात मक्का डोक्यावर गेला. आणि गुणवंतरावांची सायकल आली.

"पाहा! मागच्या सालची पावडर. असर कसा टिकला!" त्यांनी तिथंच डायरीत लिहून घेतलं.

"म्हंजे मक्का रेकॉर्डले घेतला का साहेब?"

"मक्का नाई. पावडर घेतली." त्यांनी डायरी मिटली. "वहिनी, दोन भुट्टे भाजा जी. नमुना पाहू."

रुखमा वाडीत गेली ती येईचना. गुणवंतरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी आली, भुट्टे सालीसकट निखाऱ्यात सरकवले, आणि एक सोलून अदबीनं त्यांच्या हातात दिला.

गुणवंतरावांनी भला मोठा चावा घेतला. दोनदा चावलं. मग जबडा थांबला. त्यांनी भुट्ट्याकडं पाहिलं. दाण्यांच्या मधोमध अर्धी होती. उरलेली अर्धी कुठं असेल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटला.

"अ... अळी!"

"नाई जी साहेब," रुखमा म्हणाली. "रेकॉर्डले नाई."

गुणवंतराव बोरीच्या काट्यांपलीकडं पळाले. तिकडून बराच वेळ आवाज येत राहिले.

"येवढा उशीर काऊन केला व?" देवरावनं हळूच विचारलं.

"पुरी वाडी पालथी घातली जी," रुखमा कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "एकच भेटली."

देवरावनं निखाऱ्यातला दुसरा भुट्टा काढला, सोलला, आणि डोळे उघडे ठेवून चावा घेतला.