डावा दोन, उजवा चार

मी एक जुनी थीम आहे. मित्रांनो, एवढ्याने तुम्हाला काही कळणार नाही, म्हणून आधी ओळख सांगते. ऑनलाइन दुकानाला विटा नसतात, दार नसतं, पण मांडणी असते. पाटी कुठे, फळ्या किती, वस्तूच्या चित्राखाली काय लिहायचं, खरेदीची पिशवी कोणत्या कोपऱ्यात, हे सगळं जी ठरवते ती थीम. माल दुकानदाराचा, रूप माझं. त्या रूपाचा मला भारी तोरा होता. तो कसा उतरला, त्याचीच ही गोष्ट.

मला दूरच्या एका कचेरीत दोघी जणींनी घडवलं. बटणाचे कोपरे गोल असावेत की टोकदार, यावरून त्या तीन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी कोपरे अर्धवट गोल झाले आणि जिंकलो आपणच, असं दोघींनाही वाटलं. मग माझ्या हजारो बहिणी जगभर गेल्या. कुणी दागिन्यांच्या दुकानात पडली, कुणी खेळण्यांच्या. मी आले एका बूट बनवणाऱ्याच्या घरी.

घर दुमजली. वर राहायचं, खाली कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब खोली, खिडकीपाशी बाक, बाकावर आरी, दोरा, मेणाचा गोळा, आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत रचलेले पायांचे लाकडी साचे. प्रत्येक साच्यावर पेन्सिलीने नंबर. बाक बाबांचा, म्हणजे त्या बूट बनवणाऱ्यांचा. बाकाच्या टोकाला, चामड्याचे तुकडे बाजूला सारून केलेल्या हातभर जागेत, त्यांच्या सुनेचा लॅपटॉप. घरात सगळे तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

बाबा साधे बूट बनवत नसत. काही माणसांचे दोन पाय सारख्या मापाचे नसतात. कुणाचा जन्मापासून, कुणाचा आजारपणानंतर. अशा लोकांना बाजारात दोन जोड विकत घ्यावे लागतात आणि प्रत्येकातला एकेक बूट टाकून द्यावा लागतो. बाबा त्यांच्यासाठी वेगवेगळ्या मापांचा एकच जोड शिवत. पण एका गल्लीत असे पाय असून असून किती असणार? त्या वर्षी बाबांनी एकही नवा साचा कोरला नव्हता. दिवसभर ते पिशव्यांच्या चेन बदलून देत आणि "हातांना गंज चढतोय" म्हणत.

"गल्लीत नसतील, पण गावोगाव असतीलच ना असे पाय," सूनबाई म्हणाली आणि तिने ऑनलाइन दुकान उघडलं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, वहीत लिहायचं, करून बघायचं, बिघडलं की पुन्हा व्हिडिओ. तिची ती वही मी पडद्यातून रोज बघत असे. डाव्या पानावर 'काय केलं', उजव्या पानावर 'काय झालं'. उजव्या पानांवर बहुतेक वेळा एकच शब्द असे, 'बोंबललं'. पण पान फाडलेलं मी कधी पाहिलं नाही.

अडचण माझ्यात होती. माझ्याकडे मापाची एकच ओळ होती. चार नंबर म्हटलं की दोन्ही बूट चारचे! डाव्याला वेगळं, उजव्याला वेगळं, हे माझ्या जन्मात नव्हतं. तेव्हा सूनबाईने एक ॲप आणलं, पेज बिल्डर. त्याच्यात हवं तसं पान रचता येतं. चित्र इथे ओढायचं, चौकट तिथे ठेवायची. तिने दुपारभर बसून सुंदर पान रचलं. डाव्या पायाची एक ओळ, उजव्या पायाची एक ओळ, मध्ये बाबांनी शिवलेल्या जोडाचा फोटो, खाली 'पिशवीत टाका' हे बटण.

आणि ते पान माझ्या आत आलं.

मित्रांनो, खरं सांगते, मी त्याचं स्वागत केलं नाही. त्याची मोठी अक्षरं मी बारीक केली. त्याचं रुंद पान माझ्या अरुंद कडांमध्ये दाबलं. सूनबाईने एकेक गोष्ट सोडवली. कडा सैल केल्या, अक्षरांना आपापलं घर दिलं. प्रत्येक प्रयत्नाला वहीत एक नंबर, एक ते सतरा. आणखी अठरा दिवसांनी शाळा उघडणार होत्या. एक जोड शिवायला बाबांना दहा दिवस लागत. म्हणून घाईघाईत तिने पान सगळ्यांसाठी खुलं केलं.

दुसऱ्याच दिवशी एका आईचा निरोप आला. तो सूनबाईने मोठ्याने वाचला. 'माझ्या मुलीचा डावा पाय दोन नंबर, उजवा चार. तुमचं पान बघून आम्ही दोघी उड्या मारल्या. मुलीने बटण सात वेळा दाबलं, काही झालं नाही. मग पिशवी उघडली तर आत सात जोड! घाबरून बंद केलं.'

"सात जोड!" बाबांनी आरी खाली ठेवली. "एका पोरीला सात? गोम आहे की काय ती?"

सूनबाईला हसू आलं नाही. तिने लगेच पान झाकलं आणि उत्तर पाठवलं की मापं निरोपात लिहून द्या, आम्ही हाताने नोंदवून घेतो. त्यावर त्या आईने लिहिलं, 'तसं करता येईल हो. पण नऊ वर्षं मी दुकानादुकानांत तिचे पाय समजावून सांगत आलेय, आणि ती शेजारी मान खाली घालून उभी असते. या वेळी तिला मैत्रिणींसारखं स्वतः बटण दाबून बूट घ्यायचेत. शुक्रवारपर्यंत थांबते. नाहीतर नेहमीप्रमाणे दोन जोड आणेन.'

तो सोमवार होता.

सूनबाईने ॲपवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, दोष थीमचा. थीमवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, बाहेरच्या ॲपची जबाबदारी आमची नाही. दोघंही इतकं गोड बोलले की हात झटकल्याचंही कळू नये. मंगळवार गेला, घोंगडं भिजतच राहिलं.

बुधवारी तिने माझी एक प्रत काढली. चालू दुकानात हातोडा चालवायचा नाही, जे काय तोडायचं ते प्रतीवर, हे ती तेव्हा शिकली. प्रतीचं नाव ठेवलं 'आता हीच शेवटची'. दुपारपर्यंत तिच्यापाठोपाठ 'खरंच शेवटची' आणि 'शेवटची, देवाशपथ' अशा दोघी आल्या. माझ्या या जुळ्या बहिणींनी जे सोसलं ते मी बघत होते. एकीची पाटी तळाशी गेली, दुसरीची पिशवीच गायब झाली. तिसरी तेवढी अजून धडधाकट होती. तोवर वहीत नंबर एकतीस झाला होता.

"मला नाही जमायचं, बाबा," सूनबाई म्हणाली. "ॲपला विचारलं, थीमला विचारलं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात."

बाबा दोऱ्याला मेण लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बूट कुठे चावतो ते बुटाला विचारून कळतं का कधी?"

"मग कुणाला विचारू?"

"पायाला विचार. आपण बोलायचं नाही, नुसतं त्याला चालू द्यायचं आणि बघत राहायचं."

सूनबाईने वही मिटली. मग जिन्याकडे तोंड करून तिने हाक मारली, "आई, जरा खाली या ना! एक बूट विकत घ्यायचाय तुम्हाला!"

"या घरात आता बूटसुद्धा विकत घ्यायचे?" असं म्हणत सासूबाई खाली आल्या. चष्मा पुसून त्या लॅपटॉपसमोर बसल्या. सूनबाईने 'शेवटची, देवाशपथ' उघडून दिली आणि तोंडावर हात ठेवून मागे उभी राहिली. सासूबाईंनी डावा दोन निवडला. उजवा चार निवडला. बटण दाबलं. आणि मग त्यांची नजर वर, उजव्या कोपऱ्यात, पिशवीच्या चित्राकडे गेली.

तिथे शून्य. पिशवी ढिम्म.

"गेलं नाही वाटतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दाबलं.

"थांबा!" सूनबाई ओरडली. सासूबाई दचकल्या. "आई, बूट पिशवीत जातोय. पहिल्याच वेळी जातोय! पण पिशवीला कुणी सांगतच नाहीये की बूट आलाय. म्हणून ती गप्प बसते आणि माणूस पुन्हा दाबतो."

मित्रांनो, इथे मला लाज वाटली, कारण ती गप्प बसणारी मीच होते. माझ्या स्वतःच्या बटणावर एक छोटी खूण असते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. ती खूण असलेलं बटण दाबलं गेलं तरच मी पिशवी उघडते आणि आकडा वाढवते. ॲपच्या बटणावर ती खूण नव्हती. पाहुण्याने हाक मारली, पण ती मला ऐकूच आली नाही. आणि मला घडवताना ही गोष्ट कुणी कुठे लिहून ठेवली नव्हती.

सूनबाईने ती शोधून काढली. माझं जुनं बटण आणि ॲपचं नवं बटण शेजारी शेजारी उघडून ती ओळीओळीने ताडून बघू लागली, जसे बाबा दोन तळ एकमेकांवर ठेवून कडा बघतात. बुधवारची संध्याकाळ गेली, गुरुवारची सकाळ गेली. दुपारी तिचं बोट एका शब्दावर थांबलं, तीच ती खूण. तोच शब्द तिने ॲपच्या बटणाला दिला. एकच शब्द. वहीत नंबर बत्तीस.

"आई, घ्या परत बूट."

सासूबाईंनी बटण दाबलं. उजवीकडून पिशवी सरकत बाहेर आली. आत एकच जोड, डावा दोन, उजवा चार.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हिने तर ओ दिली!"

मी अनेक हुशार हात पाहिलेत, मला घडवणारे हात तर पदव्या घेतलेले होते. पण बत्तीस वेळा नंबर घालून, उजव्या पानावर स्वतःच्या हाताने बत्तीसाव्यांदा खरं लिहिणारा हात मी एकच पाहिला. त्या वेळी तिने लिहिलं, 'चाललं.' खाली दोन रेघा ओढल्या, आणि दुसरी रेघ जरा वाकडी गेली.

शुक्रवारी सकाळी तिने 'शेवटची, देवाशपथ' हिला दुकानात बसवलं आणि मला खाली उतरवलं. अकराच्या सुमाराला लॅपटॉप टिंग वाजला. पहिली मागणी. एक जोड. सोबत निरोप लिहायला छोटी चौकट असते, तिच्यात मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बटण मी दाबलं. एकदाच.'

बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग लाकडाचे दोन ठोकळे उचलले आणि पेन्सिल कानामागे खोचून वर्षातला पहिला नवा साचा कोरायला बसले.

मला वाटलं, आपलं आता संपलं. उतरलेल्या थीमची काय गरज? यादीत माझ्या नावासमोर 'काढून टाका' असं लिहिलेलं बटण होतं, आणि सूनबाई पसारा आवरत होती. पहिली आणि दुसरी प्रत गेली. मग ती माझ्यावर आली.

"हिचं काय करू, बाबा? जुनी आहे. कामाची नाही आता."

बाबांनी मागच्या भिंतीकडे मान केली. "त्यातले निम्मे पाय आता चालत नाहीत. साचा फेकला का मी एकतरी? नवा कोरताना कुठे चुकलो तर जुना बघायला लागतो."

सूनबाईने वहीचं शेवटचं पान उघडलं, माझं नाव लिहिलं, पुढे तारीख घातली. यादीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'जुनी. जपून ठेवणे.'

शाळा उघडल्यावर आठवड्याने त्या आईचा निरोप आला. बूट बरोबर बसले, चावत नाहीत, पोरगी जिना दोन-दोन पायऱ्या चढते, असं बरंच काही होतं. शेवटची ओळ सूनबाईला मोठ्याने वाचता आली नाही, म्हणून सासूबाईंनी चष्मा लावून वाचली. 'नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरी एकही बूट उरला नाही.'

मित्रांनो, तुम्हीही कधी काही घडवाल, मोडाल, पुन्हा जोडाल. चालत्या वस्तूवर घाव घालण्याआधी तिची एक प्रत काढा. काय केलं आणि काय झालं, दोन्ही लिहा, बोंबललं तरी लिहा. दोन अनोळखी गोष्टी एकमेकींशी बोलत नसतील तर कुणा एकीला दोष देऊ नका, जरा मागे उभे राहून बघा, हाक कुठे अडतेय. आणि काम झाल्यावर जुन्याला लगेच कचऱ्यात टाकू नका.

मी अजून यादीत सगळ्यात खाली आहे. मापाची एकच ओळ असलेली, अर्धवट गोल कोपऱ्यांची. नव्या थीमचं काही बिनसलं की सूनबाई मला उघडते, दोघींना शेजारी ठेवते आणि ओळीओळीने ताडून बघते. त्या घरी बूट उरला नाही. या घरी मीही उरलेली वस्तू नाही.