भलताच बोल्ट

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचं मत असं, की गाडी म्हणजे फार तर एक मोठं घड्याळ. हे मत त्यांनी दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांदेखत मांडलं आणि वर सांगितलं, की तुमच्या पोरांपेक्षा मी घरी बरं काम करीन. मेव्हणा म्हणाला, मग करा. तेव्हापासून गाडीची सर्व्हिसिंग घरीच होऊ लागली आणि मेव्हण्याने बहिणीच्या घरची पायरी चढणं सोडलं.

यात मधल्यामध्ये पिचली ती ताई. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ, आणि पडतं घ्यायला दोघेही तयार नाहीत. फोनवर भाऊ गोड बोलायचा, पण घरी ये म्हटलं की कामाची सबब ठरलेली. तो एकदा घरी यावा, एवढंच तिला हवं होतं.

आज सुट्टी, म्हणून इंजिनाचं तेल बदलायला घड्याळजी जुनी पँट चढवून गाडीखाली सरकले. गाडी साधीच, घरच्या पाच माणसांना पुरणारी. पण स्वारीचा आव मोठ्या ऑपरेशनचा. ताई शेजारी उकिडवी बसून हत्यारं देत होती. ती गॅरेजवाल्याची मुलगी, पाने-पकडींशी खेळतच मोठी झालेली. घड्याळजींना हे ठाऊक होतं, फक्त कामाच्या वेळी ते सोयीस्कर विसरायचे.

बोल्ट सुटला आणि ट्रेमध्ये तेल आलं. मधासारखं, पिवळसर. ताईने वाकून नीट पाहिलं. इंजिनातलं जुनं तेल काळंकुट्ट असतं. हे तर गिअरबॉक्सचं. यांनी भलताच बोल्ट खोलला होता. ती सांगणार, तोच गाडीखालून आवाज आला, "बघ, किती स्वच्छ निघालंय. याला म्हणतात निगा राखणं."

ताईने उघडलेलं तोंड मिटलं. गिअरबॉक्स रिकामा झाला, बोल्ट पुन्हा बसला, आणि इंजिनात जुन्या तेलावर नवं तेल ओतलं गेलं. तिने गाडीची किल्ली मात्र हळूच खिशात टाकली; गाडीचं वाटोळं व्हावं असं तिला थोडंच वाटत होतं? सुरू करण्याआधी तेल बघून घ्या, असं तिने सुचवलं. घड्याळजींनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

भावाला फोन तुम्हीच करा, मी करणार नाही, असं तिने बजावलं. गाडीभोवती बऱ्याच घिरट्या घालून अखेर त्यांनी केला.

भाऊ आला. ट्रेमध्ये बोट बुडवून त्याने वास घेतला आणि बहिणीकडे पाहिलं.

"तू इथेच होतीस ना?"

"होते की."

"मग तेल बघून बोलली नाहीस? त्यापेक्षा मला सरळ बोलवायचंस."

"सरळ बोलावल्यावर आला असतास?"

भावाने बोट फडक्याला पुसलं. घड्याळजींच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मग कान लाल करून ते मेव्हण्याला म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलंच माझं."

भाऊ गाडीखाली शिरला. थोड्या वेळाने त्याचा हात बाहेर आला.

"ताई, सतराचा पाना दे."

तिने न बघताच बरोबर पाना दिला, आणि तिला रडू आलं. दोन वर्षांत भावाने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.