नऊ नऊ दोन काय? एका झापडटोपीची हकीकत

मी एक जुनी झापडटोपी आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही, आणि टोपीला धक्का बसला म्हणून कुणी पाण्याचा पेला पुढे करत नाही.

आधी मी दिसते कशी ते सांगते. पुढे राखाडी प्लास्टिकची लांबलचक चोच, दोन्ही बाजूंना गालांपर्यंत उतरणारे पडदे आणि मागे डोकं आवळून धरणारी इलॅस्टिकची पट्टी. गाडीच्या घोड्याने इकडेतिकडे बघू नये म्हणून त्याला झापडं लावतात, तशी मला वैमानिकाला लावतात. मला घातलं की विमानाच्या खिडकीबाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतात फक्त समोरच्या फळीवरची सहा घड्याळं.

तुम्ही विचाराल, असा वेडेपणा कशासाठी? तर ढगात शिरल्यावर बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, आणि अशा वेळी माणसाचा तोल सांभाळणारा कान त्याच्याशी धडधडीत खोटं बोलतो. विमान सरळ चाललेलं असतं आणि कान सांगतो, वळतंय. कानाचं ऐकणारे वैमानिक फार दिवस वैमानिक राहत नाहीत. म्हणून स्वच्छ आकाशात मला डोक्यावर चढवून नुसत्या काट्यांवर विमान चालवायचा सराव करतात. मग परीक्षा होते. पास झालं की लायसन्सवर 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग' अशी एक ओळ वाढते आणि ढगात शिरायची परवानगी मिळते. लोक एकमेकांना टोपी घालतात ते फसवायला. घातल्यावर माणसाने फसू नये अशी अपेक्षा असलेली टोपी मी एकटीच.

माझा जन्म वेल्डिंगचे मुखवटे बनवणाऱ्या कारखान्यात झाला. मुखवटा व्हायचं चुकलं आणि उरलेल्या प्लास्टिकची मी झाले. तिथून एका उड्डाणशाळेत आले आणि दाराजवळच्या खिळ्यावर एकोणीस वर्षं लटकले. माझी स्तुतीसुद्धा चमत्कारिक असे. "वा! काहीच दिसत नाही!" असं म्हणून पोरं खूश व्हायची. इतर कुठल्या वस्तूला असं बोलले असते तर ती भंगारात गेली असती.

हळूहळू मात्र माझी आबाळ झाली. इलॅस्टिक सैल पडली तेव्हा कुणीतरी सेफ्टी पिन लावली. ती गंजली तेव्हा तार गुंडाळली. शेकडो कपाळांचा घाम माझ्यात मुरला. मेकॅनिक मंडळींनी तर एक महिना मला उलटी ठेवून माझ्यात नटबोल्ट साठवले. मी रोज मनात म्हणायची, देवा, एक नवी पट्टी मिळू दे, अशी घट्ट की मी कधी पडणार नाही. मित्रांनो, मागताना जरा जपून मागावं.

मग ती आली. मेकॅनिकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'तिकडची' ठेवलं, कारण तिच्या प्रत्येक वाक्यात "आमच्या तिकडे" असायचं. अकरा वर्षं परदेशात विमान चालवून ती परतली होती. तिकडचं लायसन्स इकडचं करून घ्यायचं आणि त्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग जोडायचं, एवढंच काम. रुग्णांना नेणाऱ्या एका विमानावर तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. नाही जमलं तर परत तिकडे जायचं आणि वडिलांना इथे एकटं सोडायचं. वडील जन्मभर घड्याळं दुरुस्त करत होते. आता त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. "तिकडे चला" म्हटलं की ते म्हणत, "या घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि त्या माझ्या पायांना पाठ आहेत. तिकडच्या जिन्याशी माझी ओळख कोण करून देणार?"

तिने सरावासाठी मला घरी न्यायला मागितलं. वाटेत तिला लायसन्सच्या कचेरीत काम होतं, म्हणून तिच्या पिशवीतून मीही चार नंबरच्या खिडकीपाशी गेले. आतल्या कारकुनाने तिची उड्डाणवही उघडली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"हे चौदाशे तास तिकडचे आहेत?"

"आकाशातले आहेत."

"म्हणजे तिकडच्या आकाशातले."

"अहो, आकाश काय वेगळं असतं का?"

"ते मला माहीत नाही. फॉर्मवर वेगळं आहे."

पिशवीत मी थिजले. ज्या बाईने चौदाशे तास हवेत काढले, तिला हा खुर्चीवरचा माणूस आकाश शिकवतोय! मी त्याला मनातल्या मनात मूर्ख ठरवलं. हा शिक्का मला पुढे परत घ्यावा लागला, म्हणून आत्ताच कबूल करून ठेवते.

घरी बाबांनी मला हातात घेतलं आणि बोटांनी चाचपलं.

"अगं, हिची पट्टी आहे की सुतळी? आण माझी पेटी."

घड्याळांना लावतात ती चामड्याची पट्टी, नवी रुंद इलॅस्टिक आणि दुहेरी दोरा. न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने त्यांनी असे टाके घातले की कारखान्यालाही जमले नसते. एकोणीस वर्षांत माझ्यासाठी कुणी सुई उचलली नव्हती. मला रडू आलं असतं, पण प्लास्टिकला पाझर फुटत नाही.

मग बापलेकींचा सराव सुरू झाला. ती मला घालून खुर्चीवर बसायची. बाबा टॉवर व्हायचे, म्हणजे विमानतळावरून वैमानिकाला सूचना देणारा माणूस. माईक म्हणून स्टीलचा पेला. काय बोलायचं ते तिने तिकडच्या जुन्या कागदावरून त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

"विमान, दाब नऊ नऊ दोन," बाबा पेल्यात तोंड घालून म्हणाले.

"नऊ नऊ दोन," ती म्हणाली.

"नऊ नऊ दोन काय?"

"काय म्हणजे?"

"अगं, काय? बटणं? पायऱ्या? मला दिसत नाही, मला विचारावं लागतं."

"बाबा, टॉवर असं विचारत नाही."

"मग टॉवरला दिसत असेल."

ती इतकी हसली की मी नाकावर घसरायला हवं होतं. पण नव्या पट्टीने मला जागच्या जागी धरून ठेवलं. मला केवढा अभिमान वाटला!

आता हा दाब काय प्रकार आहे ते सांगते, नाहीतर माझा धक्का तुम्हाला कळायचा नाही. विमानात उंची दाखवणारं घड्याळ असतं. ते खरं तर हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची सांगतं. दाब रोज बदलतो, म्हणून टॉवर आजचा आकडा सांगतो आणि वैमानिक बटण फिरवून घड्याळ त्यावर लावतो. आमच्या जुन्या विमानातल्या घड्याळाला आकड्यांच्या दोन चिमुकल्या खिडक्या आहेत. डावीत इकडचं माप, हेक्टोपास्कल. उजवीत तिकडचं माप, इंच. तिकडे अगदी नेहमीचा आकडा असतो एकोणतीस पूर्णांक ब्याण्णव. एकेक आकडा म्हटला तर दोन नऊ नऊ दोन. घाईत पहिला दोन गिळून म्हणतात, नऊ नऊ दोन.

तोवरच्या सरावात इकडचा दाब रोज हजाराच्या वर होता. आकडा एकापासून सुरू व्हायचा, घोटाळ्याला जागाच नव्हती. परीक्षेच्या दिवशी मात्र दूर कुठेतरी वादळ होतं. आमच्याकडे आकाश लख्ख, पण दाब घसरलेला.

परीक्षक म्हणून 'हूं साहेब' आले. त्यांचं बोलणं एवढंच, म्हणून ते नाव. बाई डावीकडे, साहेब उजवीकडे मांडीवर फॉर्म घेऊन, आणि मी बाईच्या डोक्यावर. उड्डाण झालं, वळणं झाली, काटे रेघेसारखे स्थिर. "हूं," साहेब म्हणाले. मग परतीची वाट धरली. टॉवरचा आवाज आला, "दाब नऊ नऊ दोन. पंधराशे फुटांपर्यंत उतरा."

"नऊ नऊ दोन, पंधराशे," बाई म्हणाली.

"बरोबर," टॉवर म्हणाला.

"हूं," साहेब म्हणाले.

तिचा हात बटणावर गेला आणि अकरा वर्षांच्या सवयीने डोळा गेला घड्याळाच्या उजव्या खिडकीकडे. तिने एकोणतीस पूर्णांक ब्याण्णव लावलं. मित्रांनो, बघा, सगळे बरोबर बोलले होते. चूक एकाचीही ऐकू आली नाही. तिच्या घड्याळाने मात्र त्या क्षणापासून सहाशे फूट जास्त सांगायला सुरुवात केली.

हे मला तेव्हा कळलं नाही. मला कळलं ते टाकीमुळे. त्या वाटेवर एक टेकडी आहे आणि टेकडीवर पाण्याची टाकी. एकोणीस वर्षं त्या वाटेने येताना मी बाहेरच्या अंगाने त्या टाकीचं झाकण बघत आले. गोल, हिरवं, मधोमध कडी. त्या दिवशी समोर झाकण दिसेना. मला टाकीची शिडी दिसली. गंजलेली, खालून वर जाणारी शिडी.

मी हादरले. झाकण वरून दिसतं, शिडी समोरून. म्हणजे आम्ही टाकीच्या वर नव्हतो, तिच्या बरोबरीला होतो! बाईच्या काट्यांवर पंधराशे फूट भरत आले होते, अगदी नियमाप्रमाणे. साहेब फॉर्मवर मान खाली घालून 'उंची राखणे' या रकान्यात बरोबरची खूण करत होते. त्या विमानात बाहेर बघणारी मी एकटी, आणि मला तोंड नव्हतं!

मी ठरवलं, पडायचं. मी पडले की तिला बाहेर दिसेल. परीक्षा गेली चुलीत. मी अंग सोडलं, वाकले, हिसका दिला. बाबांचे टाके हलले नाहीत. जुनी तार असती तर मी केव्हाच गळून पडले असते. एकोणीस वर्षं मागितलेली घट्ट पट्टी मला घट्ट धरून होती. शिडीच्या पायऱ्या मोजता येऊ लागल्या.

तेवढ्यात टॉवर दुसऱ्या कुठल्या विमानाला म्हणाला, "दाब नऊ नऊ दोन."

माझ्या पडद्याआड बाईचे ओठ हलले. ती पुटपुटली, "काय? बटणं?" आणि मग मोठ्याने, "टॉवर, नऊ नऊ दोन काय?"

"हेक्टोपास्कल, बाई. दुसरं काय असणार?"

तिने घड्याळाकडे पाहिलंही नाही. आधी इंजिनाला पूर्ण जोर, नाक वर. विमान थरथरलं, साहेबांचं पेन उडालं. त्यांनी मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा 'हूं' सोडून दुसरं काही बोलले.

"अगं आई गं!"

पंखाखालून हिरवं झाकण सरकलं. मधोमध कडी. तेवढं सुंदर झाकण मी पाहिलेलं नाही. मग तिने बटण डाव्या खिडकीप्रमाणे फिरवलं, आणि विमान चढत असताना घड्याळाचा काटा सहाशे फूट खाली आला. तो बघताना तिचं कपाळ थंडगार पडलं. ते मला आतून जाणवलं.

खाली उतरल्यावर साहेबांनी पायाशी पडलेलं पेन उचललं. मग बोलले. "बाई, या भागात तुम्ही नापास."

"हो, साहेब."

"बरोबर म्हणणारा टॉवर पास. हूं म्हणणारा मी पास. विचारलं फक्त तुम्ही, आणि नापासही तुम्हीच." त्यांनी मघाची खूण खोडली. "नियम असा आहे. एवढाच भाग पुन्हा द्या. गुरुवारी या. मी बाहेर बघत बसेन."

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ माझ्या शिवणीवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "मी तर थट्टा करत होतो गं." नंतर त्यांनी पेला हातात घेतला, पण दाबाचा आकडा काही त्यांच्या तोंडून निघेना.

गुरुवारी टॉवरने दाब सांगितला. तिने विचारलं, "काय?" टॉवरने मुकाट्याने सांगितलं. टाकीचं झाकण वेळेवर, खाली, हिरवंगार दिसलं. साहेब नाक काचेला लावून बसले होते. पुढे शाळेतला प्रत्येक जण "काय?" विचारू लागला. टॉवर इतका वैतागला की आता न विचारताच माप सांगतो.

महिना संपायला दोन दिवस असताना इकडचं लायसन्स हातात आलं, रेटिंगच्या ओळीसकट, आणि रुग्णांच्या विमानावरची जागा तिची झाली. चार नंबरच्या खिडकीपाशी ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. तिकडचं आकाश वेगळं असतं." तो कारकून खुर्चीत ताठ झाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी असं म्हटलं नसावं. मलाही माझा शिक्का परत घ्यावा लागला.

शाळेत आता माझ्याऐवजी वरून धुरकट काचांचे नवे चष्मे आले आहेत. मला तिने मागून घेतलं. दुपारी टेकडीकडच्या खिडकीतून ऊन डोळ्यांवर येतं म्हणून बाबा मला घालून बसतात. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिची पट्टी बदला, टाके घाला, तिच्यात नटबोल्ट ठेवू नका. पण कुणी नुसता आकडा सांगितला तर मान डोलावण्याआधी विचारा, काय? लोक हसतील. हसू द्या.

काल विमानाचा आवाज आला. बाबांनी चोच वर केली.

"आली वाटतं," ते म्हणाले.

त्यांना दिसत नाही, मला दिसतं. टेकडीवरून ते विमान येत होतं, आणि टाकी त्याच्या पुष्कळ खाली होती.