मास्तरांनी घेतलेली ब्राउझरांची शर्यत

घड्याळमास्तर स्वतः आयुष्यात एकही शर्यत धावले नव्हते, पण दुसऱ्यांच्या शर्यतींचा निकाल लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बत्तीस वर्षं ते क्रीडांगणावर टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत रमतात, नातवंडं खेळवतात. मास्तर मात्र पाणी उकळायला किती वेळ लागतो आणि टपालवाला तीन मजले किती सेकंदांत चढतो, याच्या नोंदी ठेवू लागले. बायकोने त्यावर केव्हाच हात टेकले होते.

ही बायको तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. डॉक्टरांचं कसलंही अक्षर ती लावायची, आणि चिठ्ठीतली शेवटची ओळ वाचून झाल्याशिवाय बाटलीला हात लावायची नाही. उभं राहून राहून गुडघे गेले, पण तिची एक इच्छा जागची हलली नाही. तिला पोहायला शिकायचं होतं. लग्नाआधीपासून शिकायचं होतं, आणि मास्तर लग्नापासून "शिकू की सावकाश" म्हणत आले होते. त्यांना स्वतःला पाण्याची भयंकर भीती. घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं.

साठीपुढच्या नवशिक्यांसाठी तलावावर वर्ग निघाला, तेव्हा बायकोचे डोळे चमकले. जागा चाळीस, नोंदणी फक्त ऑनलाइन, ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला. नोंदणीची जबाबदारी मास्तरांनी आपणहून अंगावर घेतली आणि दोनदा तोंडघशी पडले. पहिल्या वेळी पान उघडेपर्यंत वर्ग भरला. दुसऱ्या वेळी पान उघडलं, पण ऐन शेवटच्या टप्प्यावर घोडं अडलं. बायको दोन्ही वेळा एवढंच म्हणाली की जाऊ दे, पुढच्या वेळी बघू. ती चार शब्द बोलली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

आता पुढची वेळही उरली नव्हती. या हंगामानंतर तलाव तीन वर्षं दुरुस्तीसाठी बंद राहणार, अशी सूचना फाटकावर लागली होती. त्याच आठवड्यात उशीचा अभ्रा शोधताना मास्तरांना कपाटात चादरींमागे पोहण्याचा पोशाख सापडला. निळा, कोरा, दुकानाची चिठ्ठी अजून लटकलेली. घेऊन दीड वर्ष झालं असावं. मास्तरांनी तो होता तसा ठेवून दिला आणि अभ्रा न घेताच कपाट लावलं.

मग त्यांनी ठरवलं, दोष ब्राउझरचा आहे. नवशिका धावपटू पाठवला तर पदक कुठून येणार?

जेवणाच्या टेबलावर संगणक आला. लेकीला फोन करकरून त्यांनी चार ब्राउझर उतरवून घेतले आणि प्रत्येकाला लेन दिली. एक नंबर संगणकासोबत आलेला, दोन नंबर सगळं जग वापरतं तो, तीन नंबर जाहिराती पानावर फिरकूच न देणारा. चार नंबर एक साधासुधा, अक्षरं मोठी करून दाखवणारा. तो बायकोने आपल्या जुन्या लॅपटॉपवरही घेतला होता. मास्तरांनी स्टॉपवॉच काढलं, "तयार" असं स्वतःलाच बजावलं आणि तलावाचं पान उघडायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी दोन नंबरने सगळ्यांना धूळ चारली. मास्तर खूश होऊन लेकीला निकाल ऐकवत होते, तर तिने विचारलं की बाबा, या ब्राउझरमध्ये तुम्ही हे पान आधी कधी उघडलं होतं का. उघडलं होतं, रोज उघडलं होतं. लेकीने समजावलं, की एकदा उघडलेल्या पानातलं बरंचसं सामान ब्राउझर जपून ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी त्याला सगळं नव्याने आणावं लागत नाही. मास्तरांना धक्काच बसला. म्हणजे गडी अर्ध्या वाटेवरूनच सुटत होता! बत्तीस वर्षांत असला अन्याय त्यांच्या हातून झाला नव्हता. सगळे निकाल रद्द झाले. आता प्रत्येक फेरीआधी जपलेलं सामान पुसायचं, संगणक बंद करून चालू करायचा आणि मगच घड्याळ दाबायचं. बायकोला तीन दिवस जेवणाचं ताट मांडीवर घ्यावं लागलं, पण कोणी चौकशी केली तर ती हसायची.

नुसतं पान उघडून भागणार नव्हतं, अर्जही झपाट्याने भरायला हवा. नोंदणीचा अर्ज त्या दिवसापर्यंत बंद होता, पण त्याच रकान्यांचा चौकशीचा अर्ज तिथे होता. मास्तरांनी तो तीन नंबरमध्ये तीस वेळा भरला, अर्थातच स्वतःच्या नावाने. ही माहिती लक्षात ठेवू का, असं ब्राउझर विचारायचा, आणि मास्तर आनंदाने हो म्हणायचे. शेवटी शेवटी एक बटण दाबलं की नाव, वय, पत्ता, फोन सगळं आपोआप भरून यायचं. केवढी ही सोय! तलावाच्या कार्यालयात त्या आठवड्यात एकाच माणसाच्या तीस चौकश्या पोचल्या, त्याचं पुढे काय झालं हे त्यांनी विचारलं नाही.

अंतिम निकाल असा लागला, की तीन नंबर पावणेदोन सेकंद आणि चार नंबर साडेचार. बायको मागून डोकावून म्हणाली, की तिच्या लॅपटॉपवर पानाच्या उजवीकडे एक पिवळा चौकोन दिसतो. आपण भरलेलं नाव आणि वय त्यात पुन्हा मोठ्या अक्षरांत येतं, तपासून घ्या म्हणून. तुमच्याकडे तो चौकोनच नाही. मास्तरांनी पाहिलं. तीन नंबरने त्याला जाहिरात समजून हाकलून दिलं होतं. बरंच झालं, ते म्हणाले, तेवढंच ओझं कमी. पान कसं दिसतं हे बघणं टाइमकीपरचं काम नाही.

नोंदणीच्या सकाळी मास्तर साडेनऊपासून खुर्चीत ताठ बसले होते. बायको टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपला लॅपटॉप घेऊन बसली. तूही भर, राखीव खेळाडू म्हणून, असं मास्तरांनी मोठ्या मनाने सांगितलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले आणि मास्तरांची बोटं सुटली. पान उघडलं, बटण दाबलं, रकाने भरले, पानाच्या तळाशी गेले, "पाठवा". छत्तीस सेकंद. नोंदणी पूर्ण, जागा क्रमांक चार.

मास्तर खुर्चीवरून उठले. दोन वर्षांचं ओझं उतरलं म्हणून त्यांनी हात वर केले, आणि तेवढ्यात पडद्यावरची पावती त्यांनी नीट पाहिली. नावाच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव होतं.

तीस वेळा घटवलेलं तेच बोटांनी केलं होतं. पावतीखाली लिहिलं होतं, की जागा दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. वरच्या कोपऱ्यातला आकडा भराभर उतरत होता. शिल्लक जागा सतरा, बारा, नऊ. पुन्हा सुरुवातीपासून भरावं तर बटण दाबताच परत त्यांचंच नाव येत होतं.

"अगं, मी तुझी जागा घालवली," ते कसेबसे म्हणाले. "माझंच नाव गेलं."

बायकोने मान वर केली नाही. नुसता एक हात वर करून त्यांना थांबवलं. दहाच्या गर्दीत तिचं पान आत्ता कुठे पूर्ण उघडलं होतं. ती एकेक रकाना भरत होती, औषधाच्या चिठ्ठीसारखी एकेक ओळ वाचत होती. शिल्लक पाच. पिवळ्या चौकोनावरून तिने बोट फिरवलं, वय बासष्टऐवजी सव्वीस पडलं होतं ते सुधारलं. शिल्लक तीन. मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की दाब आता, दाब, पण तिने हात करून थांबवलं होतं. तिने चष्मा सारखा केला आणि बटण दाबलं.

पान फिरत राहिलं. किती वेळ, कुणास ठाऊक.

जागा क्रमांक एकोणचाळीस. तिने तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला, मग लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांना रडूही आलं. नाक पुसत ते म्हणाले, की आता त्यांची जागा ते लगेच रद्द करून टाकतात.

"खबरदार," बायको म्हणाली. "चाळीस वर्षं काठावर उभे आहात. आता या आत."

मास्तर आत गेले. पहिले दोन आठवडे त्यांनी कंबरभर पाण्यात काठाचा कठडा दोन्ही हातांनी असा धरून ठेवला, की शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचा नाद सोडून दिला. बायको मात्र निळ्या पोशाखात रोज एकेक पाऊल पुढे जात होती. नाकातोंडात पाणी जायचं, ठसका लागायचा, आणि खोकता खोकता तिला हसू फुटायचं. पाण्यात तिचे गुडघे अजिबात दुखत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात तिने कठडा सोडला. हात मारत, पाणी उडवत ती खोल भागात गेली. मास्तर श्वास रोखून बघत होते. तिथून वळून ती परत आली, त्यांच्या शेजारी कठड्याला लागली आणि धापा टाकत म्हणाली, "अहो, तिकडे पायाखाली काहीच नाही. काहीच नाही हो!"

मास्तरांनी कठडा आणखी घट्ट धरला. पण बायकोचा चेहरा इतका आनंदलेला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो तसाच राहावा यापलीकडे त्यांना त्या क्षणी दुसरं काही नको होतं. त्यांनी कठड्यावरचा एक हात सोडून तिच्यापुढे केला.

तिने तो घट्ट धरला. "आणि दुसरा?" तिने विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटले आणि दुसराही सोडला.